८९ टक्के आणि तरी नापास!

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती टक्के?’ काय कळलं, काय आवडतं, पुढे काय करायचंय, हे सगळं नंतर. आता कल्पना करा, की एकाला ८९ टक्के पडलेत, गल्लीभर पेढे वाटून झालेत आणि दीड-पावणेदोन वर्षांनी तोच मुलगा सपशेल नापास झालाय. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत हे खरोखर घडलंय.

जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश, म्हणजे थोरले बुश. फेब्रुवारी १९९१ च्या शेवटी आखाती युद्ध संपलं. कुवेतमध्ये घुसलेल्या सद्दाम हुसेनच्या फौजांना अमेरिका आणि मित्रराष्ट्रांनी हुसकावून लावलं. जमिनीवरची लढाई तर जेमतेम शंभर तास चालली. त्याच आठवड्यात गॅलप या संस्थेने अमेरिकेतल्या लोकांना विचारलं, ‘अध्यक्ष ज्या पद्धतीने आपलं काम करताहेत, ते तुम्हाला पसंत आहे का?’ ८९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. गॅलपच्या तोवरच्या इतिहासातला तो उच्चांक होता. पुढच्या वर्षी निवडणूक होती, पण डेमोक्रॅटिक पक्षातले बरेच दिग्गज अशा माणसासमोर उभं राहायलाच तयार होईनात. शेवटी उमेदवारी मिळाली ती आर्कान्सासारख्या छोट्या राज्याच्या गव्हर्नरला. त्याचं नाव बिल क्लिंटन. १९९२ च्या उन्हाळ्यात बुश यांचा आकडा २९ टक्क्यांवर घसरला होता. नोव्हेंबरात मतं पडली ३७ टक्के, आणि क्लिंटन व्हाइट हाउसमध्ये गेले.

आता सांगा, माणूस तोच, प्रश्नही तोच. मग मधल्या काळात बदललं काय? बुश यांची अक्कल तर कमी झाली नव्हती! बदललं एवढंच, की १९९१ मध्ये लोकांना अध्यक्ष म्हटल्यावर कुवेत आठवत होतं आणि १९९२ मध्ये मंदी, गेलेली नोकरी आणि वाढलेला कर.

या आकड्याला म्हणतात ‘अप्रूव्हल रेटिंग’. ट्रम्प, बायडेन यांच्या बातम्यांमध्ये तुम्ही तो शंभरदा वाचला असेल. ‘अध्यक्षांची लोकप्रियता दोन टक्क्यांनी घसरली’ अशी ओळ दिसली की आपण मान डोलावतो आणि पुढची रील बघतो. मीही तेच करायचे. पण बातमीदारी शिकायला लागल्यावर असल्या ओळी स्वतः लिहायची वेळ येते. तेव्हा प्रश्न पडतो, की घसरलं ते नक्की काय?

शितावरून भात, पण कुठलं शीत?

आधी एक घोळ मिटवू या. ८९ टक्के हे ८९ मार्क नव्हेत. शंभर परीक्षक बसलेत आणि त्यातल्या ८९ जणांनी पेपरवर फक्त ‘पास’ असं लिहिलंय, असा त्याचा अर्थ. त्यांनी मनातल्या मनात ९५ मार्क दिले की काठावरचे ३५, हे आकडा सांगत नाही. समजा, सगळ्या ८९ जणांनी काठावर पास केलंय. मग पेट्रोल थोडं महागलं की त्यातले वीस-पंचवीस जण आरामात नापासकडे सरकतात. हेडलाइनमध्ये मात्र दिसतं, की लोकप्रियता कोसळली!

‘नापसंत’ म्हणणाऱ्यांचीही तीच गत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिंडन जॉन्सन यांच्यावर नाराज असलेल्यांत ‘युद्ध ताबडतोब थांबवा’ म्हणणारे होते, तसेच ‘असं लुटुपुटुचं काय लढता, पूर्ण ताकद लावा’ म्हणणारेही होते. एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं सर्व्हेच्या तक्त्यात मात्र एकाच रकान्यात गुण्यागोविंदाने नांदत होती. जॉन्सन यांनी एकाचं ऐकलं असतं, तर दुसरा आणखी भडकला असता.

आता दुसरा प्रश्न. तेहेतीस-चौतीस कोटींच्या देशात साधारण हजार-दीड हजार माणसांना विचारून देशाचं मत कसं कळतं? आपल्या आज्यांना याचं उत्तर केव्हापासून माहीत आहे: शितावरून भाताची परीक्षा. हजार जण खरोखर कसेही, चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे निवडले, तर आकडा साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे ४३ चे ४१ झाले तर ती घसरण असेलच असं नाही, निव्वळ मोजणीतली थरथरही असू शकते. ‘दोन टक्क्यांनी घसरली’ या बातमीत कित्येकदा बातमीच नसते.

पण भात नीट ढवळलेला हवा. आम्ही मास कॉमला असताना कँटीनच्या जेवणाबद्दल एक सर्व्हे केला होता. दोन दिवस कँटीनच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाठलं. निकाल झकास आला, बहुतेकांना जेवण आवडत होतं. सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, “ज्यांना आवडत नाही, ते दुपारी कुठे असतात?” ते घरून डबा आणून लायब्ररीमागच्या कट्ट्यावर बसलेले असायचे. आम्ही तिकडे फिरकलोच नव्हतो.

अगदी हीच चूक अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या नावाजलेल्या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना पत्रं पाठवून अध्यक्षपदासाठी कुणाला मत देणार, असं विचारलं. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. निष्कर्ष निघाला, की रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन सहज जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. साप्ताहिकाने पत्ते काढले होते ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींमधून. ऐन महामंदीत फोन आणि गाडी बाळगणारा माणूस कोण असणार? त्यातही पत्राला उत्तर द्यायची तसदी घेतली ती जास्त करून चिडलेल्यांनी. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुना घेऊन रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं आणि त्यांचं नाव झालं. (बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, खुद्द गॅलपही तोंडावर आपटले. ट्रूमन हरणार असं त्यांनी सांगितलं होतं, ट्रूमन जिंकले.)

आज अडचण वेगळी आहे. अनोळखी नंबर आला की तुम्ही उचलता? मीही नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण प्रतिसाद द्यायचे. २०१८ मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. मग संस्था वय, शिक्षण, वर्ण, प्रदेश यांचे वजन लावून हिशेब जुळवतात. त्यात लबाडी नाही, ते शास्त्रच आहे. फक्त वर्तमानपत्रात छापलेला तो गुळगुळीत आकडा इतका काही गुळगुळीत नसतो.

आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरणारं ‘जगातले सर्वात लोकप्रिय नेते’ हे ग्राफिकही याच डोळ्यांनी बघा. मॉर्निंग कन्सल्ट ही अमेरिकी कंपनी ऑनलाइन सर्वेक्षण करून ते आकडे काढते. आपला भारतातला नमुना साक्षर लोकसंख्येचं प्रतिनिधित्व करतो, असं ती कंपनी स्वतःच सांगते. फॉरवर्ड करताना ती बारीक अक्षरातली ओळ कापली जाते. त्यावरून आकडा खोटा ठरत नाही, पण शीत कुठल्या पातेल्यातलं आहे, ते कळतं.

झेंडा दिसला की आकडा चढतो

सप्टेंबर २००१. धाकटे बुश सत्तेवर येऊन आठ महिने होत आले होते. ११ तारखेच्या आधी घेतलेल्या गॅलपच्या सर्वेक्षणात त्यांना ५१ टक्के लोकांची पसंती होती. मग न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर पडले. त्याच आठवड्यातल्या सर्वेक्षणात आकडा आला ८६ आणि महिनाअखेर ९०. वडलांचा विक्रम मुलाने मोडला! बरं, या मधल्या दिवसांत बुश यांनी असं कुठलं काम करून दाखवलं होतं? उलट इतका मोठा हल्ला त्यांच्याच कारकिर्दीत झाला होता. पण संकट आलं की माणसं झेंड्याभोवती गोळा होतात आणि तो झेंडा त्या क्षणी अध्यक्षाच्या हातात असतो. जॉन म्यूलर या राज्यशास्त्रज्ञाने १९७० मध्येच हा परिणाम आकडेवारीनिशी मांडला होता.

जिमी कार्टर यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९७९ च्या उन्हाळ्यात ते २८ टक्क्यांपर्यंत खाली गेले होते. नोव्हेंबरमध्ये तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं गेलं आणि काही आठवड्यांत कार्टर पन्नाशीच्या पार! ओलीस सुटले नाहीत, महिने उलटले, आणि तेच ओलीस कार्टर यांना पुढच्या निवडणुकीत महागात पडले. थोडक्यात, एकाच घटनेने आधी वर चढवलं आणि मग खाली ओढलं.

धाकटे बुशही चढले तसेच उतरले. इराक, कतरिना वादळ, मग बँका बुडाल्या. २००८ च्या शरद ऋतूत त्यांचा आकडा होता २५. एकाच माणसाने ९० ते २५ एवढा पल्ला गाठला.

आता ट्रम्प यांची पहिली टर्म बघा. चार वर्षांत महाभियोग दोनदा, कोविड, आंदोलनं, रोज एक नवा गदारोळ. तरी गॅलपचा आकडा ३४ ते ४९ या पट्ट्यातच हलत राहिला, पन्नाशी त्याने कधी गाठलीच नाही. इतकं घडूनही लोकांचं मत हललं कसं नाही? कारण प्रश्नाचं उत्तर आता कामावर ठरत नाही, पक्षावर ठरतं. १९५० च्या दशकात रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना विरोधी पक्षाच्या जवळपास निम्म्या लोकांची पसंती असायची. आज असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ट्रम्प यांना डेमोक्रॅटांची आणि बायडेन यांना रिपब्लिकनांची पसंती बराच काळ एकेरी आकड्यात होती. क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायरचा निर्णय बरोबर की चूक हे स्टेडियमला विचारण्यासारखं झालं हे. कोणाची जर्सी घातलीय, ते बघितलं की उत्तर कळतं.

म्हणून माझं मत असं, की १९९१ च्या ८९ ची आणि आजच्या ४५ ची तुलना करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. मोजपट्टी तीच आहे, पण ती आता वेगळीच गोष्ट मोजते.

ज्या सह्यांनी मार्क कापले

मग आकडा राहू दे बाजूला, काम कसं मोजायचं? इथे मला तीन माणसं फार इंटरेस्टिंग वाटली.

पहिले हॅरी ट्रूमन. १९४५ च्या जूनमध्ये, रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर खुर्चीवर आल्या-आल्या ८७ टक्के. फेब्रुवारी १९५२ मध्ये २२ टक्के. मधल्या काळात युद्धाने मोडलेल्या युरोपला उभं करणारी मार्शल योजना आली, १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश निघाला, कोरियाचं युद्ध चिघळलं. १९५१ मध्ये ट्रूमन यांनी जनरल मॅकआर्थर यांना पदावरून काढलं. मॅकआर्थर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा हिरो. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांनी त्याची प्रचंड मिरवणूक काढली आणि ट्रूमन यांना शिव्या घातल्या. पण गणवेशातल्या माणसाने निवडून आलेल्या सरकारचं धोरण जाहीरपणे धुडकावायचं नाही, हा मुद्दा लोकशाहीत केवढा मोठा आहे! आज इतिहासकारांना विचारलं तर? सी-स्पॅन या वाहिनीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत ट्रूमन सहाव्या क्रमांकावर आहेत.

दुसरे जेराल्ड फोर्ड. वॉटरगेटमुळे निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ ला राजीनामा दिला आणि उपाध्यक्ष फोर्ड अध्यक्ष झाले. सुरुवातीला ७१ टक्के लोक खूश होते. बरोबर एक महिन्याने, ८ सप्टेंबरला, फोर्ड यांनी निक्सन यांना खटला चालण्याआधीच माफी देऊन टाकली. देश संतापला. त्यांच्या स्वतःच्या प्रेस सेक्रेटरीने निषेध म्हणून राजीनामा दिला. आकडा धाडकन पन्नासवर आला आणि १९७६ ची निवडणूकही गेली. २००१ मध्ये मात्र याच माफीसाठी फोर्ड यांना केनेडी घराण्याशी जोडलेला ‘प्रोफाइल इन करेज’ पुरस्कार मिळाला. जॉन केनेडींचे भाऊ टेड केनेडी यांनी १९७४ मध्ये माफीवर कडक टीका केली होती. त्या समारंभात त्यांनी उघड कबूल केलं, की फोर्ड बरोबर होते. खरं सांगायचं तर मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही. अध्यक्षावर खटला चालूच नये, हा पायंडा तिथूनच पडला असंही म्हणता येतं. पण सत्तावीस वर्षांनी दोन शहाणी माणसं ज्याच्यावर वाद घालू शकतात, तो निर्णय तीन आठवड्यांच्या आकड्यात कसा मावणार?

तिसरे पुन्हा लिंडन जॉन्सन. यांचा तर आपल्याशी थेट संबंध आहे. तुमचे कुणी काका-मावशी न्यू जर्सीत किंवा शिकागोत सत्तरच्या दशकात जाऊन स्थिरावले असतील, तर त्यांच्या कहाणीत जॉन्सन यांची एक सही आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा ठरवलेला होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशागणिक कोट्याची ती जुनी पद्धत मोडीत काढली. मग आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनीअर निघाले. १९८१ पर्यंत तिथे एवढी मराठी माणसं झाली होती, की बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. गंमत म्हणजे सही करताना जॉन्सन स्वतःच म्हणाले होते, की हा काही क्रांतिकारी कायदा नाही! ज्याने केलं त्यालाच कळलं नव्हतं, तर त्या आठवड्यात फोनवर किंवा दारात विचारलेल्या माणसाला काय कळणार? जॉन्सन यांचा आकडा व्हिएतनामने खाल्ला. मार्च १९६८ मध्ये त्यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं आणि त्या ऑगस्टमध्ये ते ३५ टक्क्यांवर होते.

म्हणजे इतिहासकार बरोबर आणि जनता चूक? इतकं सोपंही नाही. इतिहासकारांची यादीही हलते. सी-स्पॅनच्याच पाहणीत २००० मध्ये वुड्रो विल्सन सहावे होते, २०२१ मध्ये तेरावे झाले. त्यांची वर्णद्वेषी धोरणं पुस्तकांमध्ये आधीही होती, ती मोजायला लोक उशिरा लागले. युलिसिस ग्रँट त्याच काळात तेहेतिसाव्या क्रमांकावरून विसावर आले. मेलेल्या माणसाचंही रिचेकिंग चालूच असतं.

आणि आकडा अगदीच टाकाऊ आहे असंही कुणी समजू नये. निवडून आलेली माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसलेली असतात. निक्सन १९७३ च्या जानेवारीत ६७ टक्क्यांवर होते, तेव्हा वॉटरगेटची चोरी होऊन सात महिने झाले होते. दीड वर्षाने ते २४ वर आले, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन सांगून आले, की संसदेत आता तुमच्या पाठीशी कुणी नाही. उलट डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर केला, त्याच सुमारास लोकांची पसंती होती ७३ टक्के. सिनेटमध्ये ते सुटले. दोघांचे गुन्हे सारखे नव्हते हे मान्य, पण खासदारांची हिंमत किती टिकते यात त्या आकड्याचा वाटा होताच. पावसाळ्यात धरणाची पातळी रोज छापतात ना, तसं काहीसं. त्यावरून शेतकरी चांगला की वाईट हे कळत नाही, पण पाणी सोडायचं की नाही, हे मात्र ठरतं.

थोरल्या बुश यांच्याकडे परत येते. १९८८ च्या प्रचारात त्यांनी शब्द दिला होता, की नवे कर लावणार नाही. १९९० मध्ये तूट हाताबाहेर जाताना दिसली, तेव्हा विरोधकांशी तडजोड करून त्यांनी कर वाढवले. स्वतःच्या पक्षानेच त्यांना गद्दार ठरवलं, क्लिंटन यांनी प्रचारात तो मोडलेला शब्द पुन्हा पुन्हा उगाळला. ८९ टक्के मिळाले होते ते युद्धासाठी. या कराराबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली नाही.

२०१४ च्या मे महिन्यात बोस्टनमध्ये ‘प्रोफाइल इन करेज’ पुरस्कार दिला गेला तो नेमका त्या करारासाठी. बुश यांना तिथे जाणं झालं नाही, त्यांच्या वतीने नातीने तो घेतला. आजोबांचं वय तेव्हा होतं ८९.